होम्सला सगळ्यात शेवटी बोलवा : शेरलॉक होम्सवर नवी कादंबरी लिहिण्याची पद्धत

शेरलॉक होम्सवर नवी कादंबरी लिहायला घेणारे बहुतेक जण पहिलं पान एकाच साच्याचं लिहितात. बाहेर धुकं, आत शेकोटी, होम्स व्हायोलिन बाजूला ठेवतो, जिन्यावर पावलं वाजतात आणि पाहुण्याने तोंड उघडायच्या आत होम्स त्याची कुंडली मांडून मोकळा होतो. पान झकास उतरतं. दुसरं प्रकरणही रेटून नेता येतं. तिसऱ्यात लक्षात येतं, की गुन्हा कोणी केला आणि का केला हे लेखकालाच ठाऊक नाही. मग होम्सचा कट्टर शत्रू मोरिआर्टी मदतीला धावतो, पाठोपाठ जॅक द रिपर येतो आणि हस्तलिखित साठाव्या पानावर राम म्हणतं.

घोटाळा असतो तो क्रमाचा. आधी साल, मग गुन्हा, मग पुरावे, मग होम्सचा मित्र आणि निवेदक वॉटसन, आणि सर्वांत शेवटी होम्स, असा क्रम धरला तर काम तडीस जातं. खाली तोच क्रम टप्प्याटप्प्याने दिला आहे. सोयीसाठी एक कल्पित कथानकही सोबत चालवलं आहे. ते माझं आहे, कच्चं आहे, पण पद्धत दाखवायला पुरेसं आहे.

१. मूळ वाचन : किती आणि कोणत्या हेतूने

आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा लिहिल्या. पहिली कादंबरी १८८७ ची, शेवटची कथा १९२७ ची. सगळं वाचायला हवंच, पण एका दमात नको. आधी 'अ स्टडी इन स्कार्लेट' आणि 'द साइन ऑफ फोर', कारण वॉटसनचं सगळं पूर्वायुष्य तिथे आहे. नंतर 'द फायनल प्रॉब्लेम' आणि 'द एम्प्टी हाउस' लागोपाठ. मग 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स', ती रचनेसाठी. उरलेल्या कथा त्यानंतर.

वाचताना वहीत तीनच रकाने करा : तारीख, घरात कोण आहे, होम्सला काय माहीत नाही. तिसरा रकाना लोक गाळतात आणि तोच पुढे कामाला येतो. सगळं जाणणाऱ्या माणसाची दोनतीनशे पानांची कादंबरी होत नाही.

मूळ मजकुरात चुका आहेत. वॉटसनला मैवंदच्या लढाईत गोळी लागली ती एका कादंबरीत खांद्याला आणि दुसरीत पायाला. 'विस्टेरिया लॉज' १८९२ च्या मार्चमध्ये घडते, आणि तेव्हा तर जग होम्सला मेलेला समजत होतं. जुन्या चुका तुम्ही खुशाल वापरा, पण नवी एकही घालू नका. डॉयलना माफ करणारा वाचक तुम्हाला माफ करणार नाही.

*सावधान :* पडद्यावरचा होम्स आणि पुस्तकातला होम्स यांची सरमिसळ हा सगळ्यात मोठा धोका. "एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन" हे वाक्य डॉयलच्या एकाही कथेत नाही. कानटोपीवजा शिकारी हॅट घट्ट बसवली ती चित्रकार सिडनी पॅजेट यांनी, आणि वाकड्या पाइपचं श्रेय विल्यम जिलेट या नटाला दिलं जातं. 'माइंड पॅलेस' मूळ पुस्तकांत कुठेही नाही. तिथे होम्स मेंदूला रिकाम्या माळ्याची उपमा देतो. आयरीन अॅडलर एकाच कथेत प्रत्यक्ष येते आणि ती होम्सची प्रेयसी नाही. निर्बुद्ध, थुलथुलीत वॉटसन ही जुन्या चित्रपटांची देणगी.

२. हक्कांचा प्रश्न (हा टप्पा छोटा आहे, पण आधीच उरकून घ्या)

डॉयल ७ जुलै १९३० रोजी वारले. भारतात त्यांचं लेखन केव्हाच सार्वजनिक झालं आहे. अमेरिकेत शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ ला मोकळ्या झाल्या. त्याआधी २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने १९२३ पूर्वीच्या होम्सवर कोणाचा हक्क उरलेला नाही, असा निर्णय दिला होता. तेव्हा होम्स, वॉटसन, मिसेस हडसन, पोलीस निरीक्षक लेस्ट्रेड, मोरिआर्टी ही पात्रं वापरायला हरकत नाही.

दोन गोष्टी मात्र मोकळ्या नाहीत. एक, मराठी अनुवाद. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, त्यामुळे वाचलेल्या अनुवादातली वाक्यं उचलू नका. दुसरी, नव्या मालिका, चित्रपट आणि कादंबऱ्यांनी घातलेली भर. होम्सची धाकटी बहीण किंवा त्याची तरुण शिष्या ही त्या-त्या लेखकांची मालमत्ता आहे.

३. साल ठरवा, म्हणजे निम्मी कादंबरी ठरते

होम्सच्या आयुष्यात रिकाम्या जागा आहेत. त्यांतली एक निवडायची, आणि निवडली की तिचे नियम पाळायचे.

१८८१ ते १८९१ हा बेकर स्ट्रीटचा, म्हणजे होम्सच्या लंडनमधल्या घराचा पहिला काळ. इथे वॉटसन कधी सोबत राहतो, कधी लग्न करून वेगळा. अँथनी होरोविट्झ यांनी 'द हाउस ऑफ सिल्क' (२०११) साठी नोव्हेंबर १८९० निवडला आणि वॉटसनने शंभर वर्षं उघडू नये म्हणून ठेवून दिलेलं बाड, अशी बैठक घेतली. त्यामुळे डॉयलना त्यांच्या काळात छापता आला नसता असा विषय वॉटसनच्याच आवाजात मांडता आला. युक्ती उत्तम आहे, आणि म्हणूनच आता तशीच्या तशी वापरू नका.

मे १८९१ ते एप्रिल १८९४ हा अज्ञातवास. रायशेनबाखच्या धबधब्यावर मोरिआर्टीशी झालेल्या झटापटीनंतर होम्स तिबेट, इराण, मक्का, खार्टूम असा फिरला, असं तो थोडक्यात सांगतो. अडचण एकच : वॉटसन सोबत नाही. जामयांग नोर्बू यांनी १९९९ च्या कादंबरीत तिबेट घेतला आणि निवेदक म्हणून किपलिंगच्या पुस्तकातला हरी चंदर मुखर्जी आणला. अज्ञातवास निवडलात तर नवा निवेदक शोधणं हे तुमचं पहिलं काम.

मराठी लेखकाला इथे मोह होतोच. होम्सला मुंबईत उतरवायचं, पुण्यात आणायचं. जागा आहे, नाही असं नाही. पण तारखा बघा. मुंबईत प्लेग आला १८९६ च्या सप्टेंबरात आणि रँडवर गोळी झाडली गेली २२ जून १८९७ ला. दोन्ही वेळी अज्ञातवास कधीच संपलेला होता. १८९३ ची मुंबईची दंगल आणि त्याच वर्षी पुण्यात आकार घेऊ लागलेला सार्वजनिक गणेशोत्सव मात्र बरोबर त्या खिडकीत बसतात. तरुण वॉटसनलाही मुंबईत दाखवता येतं, कारण अफगाण युद्धावर जाताना तो मुंबईलाच उतरल्याचं स्वतः सांगतो. फक्त त्याला गेटवे ऑफ इंडियातून आत आणू नका. ती कमान १९२४ ची. व्हिक्टोरिया टर्मिनसही तेव्हा उभं राहिलेलं नव्हतं.

१८९४ ते १९०३ हा दुसरा बेकर स्ट्रीट काळ. वॉटसनची बायको गेलेली आहे, त्याने दवाखाना विकला आहे आणि तो पुन्हा जुन्या खोलीत राहतो आहे. माझ्या मते नवख्या लेखकाला हीच जागा सर्वांत सोयीची, कारण शेवटचं वर्षभर सोडलं तर दोघं एका घरात असतात आणि लग्नाचा गुंता नसतो.

त्यापुढे निवृत्ती, ससेक्स, मधमाश्या. लॉरी आर. किंग यांनी १९१५ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलीशी होम्सची गाठ घालून अख्खी मालिका उभी केली. मिच कलिन यांनी १९४७ मधला त्र्याण्णव वर्षांचा, आठवणी निसटू लागलेला होम्स लिहिला. ही वाट अवघड आहे. म्हातारा होम्स लिहायला आधी तरुण होम्स हातात बसलेला लागतो.

आपल्या नमुन्यासाठी जानेवारी ते मार्च १८९६ धरू.

*तपासणी :* पुढे जाण्याआधी एका कागदावर लिहा : साल, महिना, होम्सचं वय (जन्म १८५४ च्या सुमाराचा), वॉटसन कुठे राहतो, मोरिआर्टी जिवंत की मेलेला, स्कॉटलंड यार्ड (लंडन पोलिसांचं मुख्यालय) कोणत्या इमारतीत. शेवटच्या प्रश्नाला हसू नका. यार्ड १८९० मध्ये थेम्सच्या काठावरच्या नव्या इमारतीत गेलं.

४. गुन्हा आधी लिहा, होम्सशिवाय

आता होम्सला विसरा. दोन-तीन पानांत सरळ हकीकत लिहा : कोणी, कोणाला, कशासाठी, कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गाने. गुन्हेगाराच्या बाजूने लिहा. त्याला आपण पकडले जाणार नाही असं का वाटलं, हे त्यात आलंच पाहिजे.

हेतू त्या काळातला हवा. मानसिक विकृतीचा खुनी हा आजचा माल आहे. डॉयलच्या कथांत माणसं पैशासाठी, अब्रूसाठी आणि जुन्या सूडापोटी गुन्हे करतात. 'द स्पेकल्ड बँड' आणि 'अ केस ऑफ आयडेंटिटी' या दोन्हींत सावत्र बाप आहे आणि मुलीचं लग्न झालं तर पैसा हातातून जाईल ही धास्ती आहे. कायदा काय होता ते शोधा, हेतू त्यातूनच निघतो.

आपला नमुना : लंडनच्या कडेला ब्लॅकहीथला राहणारा एक काका पुतणीच्या इस्टेटीचा विश्वस्त आहे. मार्चमध्ये ती पंचवीस वर्षांची होणार आणि त्याला हिशेब द्यावा लागणार. पैसे त्याने उडवलेले आहेत. १८९० च्या वेडेपणाविषयीच्या कायद्यानुसार माणसाला वेड्यांच्या इस्पितळात टाकायला नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि न्यायाधिकाऱ्याचा हुकूम लागत असे. काकाला हे तीन कागद जमवायचे आहेत. म्हणून रात्री बंद दिवाणखान्यात पियानो आपोआप वाजतो, असं पुतणीच्या तोंडून डॉक्टरांपुढे वदवून घ्यायचं. पियानो खरोखरच वाजतो : खर्जाच्या तारांना बांधलेला दोरा फरशीतल्या भोकातून तळघरात गेलेला आहे.

बघा, कायद्याचं एक कलम हाताशी आलं आणि हेतू, मुदत, साक्षीदार, युक्ती सगळं त्यातून ओवलं गेलं.

*सावधान :* गुन्हा जितका अचाट तितका उलगडा फुसका. अज्ञात विष, गुप्त पंथ, जुळे भाऊ यांतलं काहीही वापरण्याआधी दहादा विचार करा.

५. कथेचा जीव, कादंबरीची लांबी

सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथे मरतात. होम्स हा मुळात कथेचा माणूस आहे. त्याला तासाभरात उत्तर सुचतं. डॉयलनाही लांबी जड गेली. त्यांच्या चारपैकी तीन कादंबऱ्यांत गुन्ह्याची जुनी हकीकत सांगायला लंडनबाहेरचं भलं मोठं कथानक जोडलेलं आहे, आणि चौथीत, म्हणजे 'बास्करव्हिल्स'मध्ये, होम्सला मधल्या बऱ्याच भागात नाहीसंच केलं आहे.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली : दोन गुन्हे, एकमेकांत अडकलेले. होम्स पहिला एक तृतीयांशातच सोडवतो आणि त्या उत्तरामुळेच दुसरा उघडा पडतो. आपल्या नमुन्यात दोरा लवकर सापडतो, काका उघडा पडतो, वाचकाला वाटतं संपलं. दुसऱ्या दिवशी दाखला देणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी एक मेलेला आढळतो आणि काका त्या वेळी पोलिसांच्या ताब्यात असतो. आता प्रश्न बदलला : काकाने पैसे उडवले, की त्याच्याकडून कोणी उकळले?

दुसरी : वॉटसनला एकट्याला पाठवा. त्याचे अहवाल, त्याची निरीक्षणं आणि त्याच्या चुका. पण होम्स गैरहजर असण्याला सबळ कारण हवं आणि परतल्यावर तो इतका वेळ काय करत होता याचं उत्तरही.

तिसरी : होम्सचा पहिला निष्कर्ष अर्धवट असणं. हे धाडसाचं आहे, पण मुळात आधार आहे. 'द यलो फेस'मध्ये तो साफ चुकतो आणि ते कबूलही करतो. फक्त चूक मूर्खपणाची नको. हाताशी असलेल्या पुराव्यांवरून कोणीही हुशार माणूस तेच म्हणाला असता, अशी हवी.

मी पहिली वाट घेईन आणि तिच्यात दुसरीचा तुकडा घालेन. तिन्ही एकत्र केल्यात तर खिचडी होईल.

*तपासणी :* प्रत्येक प्रकरणापुढे एक ओळ लिहा, "या प्रकरणाच्या शेवटी वाचकाला नवीन काय कळलं?" ज्या प्रकरणापुढे "वातावरणनिर्मिती" असं लिहावं लागेल ते काढून टाका.

६. वॉटसनचा आवाज बसवा

वॉटसन हा डॉक्टर आहे, लष्करात राहिलेला आहे, स्त्रीदाक्षिण्य असलेला आहे आणि लेखक म्हणून थोडा भाबडा आहे. निर्बुद्ध नाही. तो सगळं पाहतो, अर्थ मात्र लावत नाही, किंवा चुकीचा लावतो. म्हणूनच तो निवेदक म्हणून अमोल आहे : होम्सच्या डोक्यातलं झाकून ठेवायची जबाबदारी त्याच्यामुळे आपोआप पार पडते. डॉयलनी दोन कथा होम्सच्याच तोंडून सांगून पाहिल्या, त्यांत रहस्य धरून ठेवताना होणारी ओढाताण लपत नाही.

सरावासाठी कादंबरीतलं कोणतंही एक दृश्य घ्या आणि वॉटसनच्या आवाजात पानभर लिहा. त्यात होम्सचा एकही संवाद नको. वॉटसनला काय आवडतं, कशाची लाज वाटते, पेशंटकडे तो कसा बघतो, हे दिसू द्या. हे पान जमलं नाही तर पुढे जाऊ नका.

मराठीत लिहिताना संबोधनांचा निर्णय आधीच करून ठेवा, नाहीतर प्रकरणागणिक बदलत जातात. होम्स आणि वॉटसन एकमेकांना आडनावाने हाक मारतात आणि जवळपास एका वयाचे खोलीसोबती आहेत, म्हणून "तू". अशिलांना "तुम्ही", सरदार-उमरावांना "आपण". लेस्ट्रेडशी दोन्ही बाजूंनी "तुम्ही", कारण ती मैत्री नाही, व्यवहार आहे. मिसेस हडसन या घरमालकीण आहेत. त्यांना नोकराणीसारखं "अगं" करू नका. विगिन्स आणि रस्त्यावरच्या पोरांना "तू", ती पोरं उलट "साहेब" म्हणतील. मायक्रॉफ्ट सात वर्षांनी मोठा भाऊ, पण "मायक्रॉफ्टदादा" कृपा करून नको.

म्हणींचंही तसंच. वॉटसनच्या तोंडी "पालथ्या घड्यावर पाणी" चालेल, घडे सगळीकडे असतात. "गंगेत घोडं न्हालं" म्हटलं की बेकर स्ट्रीट थेट सदाशिव पेठेत येतो.

*सावधान :* "होम्स गूढ हसला" हे वाक्य अख्ख्या कादंबरीत जास्तीत जास्त एकदा.

७. अनुमान उलट बाजूने बांधा

आता कुठे होम्स येतो. त्याची ती प्रसिद्ध अनुमानं लिहिताना नवखे लेखक सरळ जातात : चिखल दिसला, म्हणून सरे परगण्यातून आला. अशी अनुमानं फोल वाटतात, कारण चिखल कुठलाही असू शकतो. उलट जायचं. आधी माणूस कोण ते पक्कं करा, मग त्याच्या आयुष्याने त्याच्या अंगावर काय उमटवलं असेल ते शोधा.

आपल्या नमुन्यातला अशील पियानो जुळवणारा आहे. त्याच्या अंगावर काय असेल?

शरीरावर : जुळवणीची किल्ली फिरवून उजव्या तळव्याला पडलेला घट्टा. कपड्यांवर : बाहीला चिकटलेले लाल फेल्टचे धागे. वागण्यात : बोलताना डोकं किंचित कलतं करून तो एकच कान पुढे करतो.

आता प्रत्येक खुणेला दुसरं उत्तर शोधा. घट्टा सुताराचाही असेल. फेल्ट टोपीवाल्याकडेही असतं. कान पुढे करणारा माणूस बहिरट असू शकतो. एकेकटी खूण काहीच सिद्ध करत नाही, पण तिन्ही एका माणसावर जुळायची तर उत्तर एकच उरतं. वाचकाला पटतं ते याच कारणाने. तीन खुणा, आणि प्रत्येकीला एक नाकारलेला पर्याय. होम्सने ते पर्याय मोठ्याने सांगायची गरज नाही, पण तुमच्या वहीत ते असले पाहिजेत.

इथवर नुसती करामत झाली. आता अनुमानाला कामाला लावा. त्याच्या कोटाच्या खिशातून फेल्टची पट्टी लोंबते आहे. जुळवणी करताना शेजारच्या तारा गप्प करायला अशी पट्टी मध्ये खोचतात आणि काम संपलं की हत्यारांच्या पिशवीत परत ठेवतात. पिशवी तर सोबत नाही. म्हणजे हा माणूस काम अर्धवट टाकून, हत्यारं तिथेच सोडून आला आहे. गरीब कारागीर हत्यारं सोडून कधी पळतो? या प्रश्नाने कादंबरी सुरू होते. "तुम्ही पियानो जुळवता" एवढ्याने नाही.

*तपासणी :* अनुमान काढून टाकलं तरी कथानक तसंच पुढे जातं का? जात असेल तर ते अनुमान शोभेचं आहे. अख्ख्या कादंबरीत शोभेचं एखादंच ठेवा.

आणि वाचकाशी लबाडी नको. होम्सने जे पाहिलं ते वॉटसनने, म्हणजे वाचकाने, त्याच पानावर पाहिलेलं असलं पाहिजे. पट्टी खिशातून लोंबते आहे हे वॉटसनच्या वर्णनात आधी येऊ द्या, दोन फालतू तपशिलांच्या मध्ये.

८. होम्सचा स्वभाव : यंत्र नव्हे

नव्या कादंबऱ्यांतला होम्स फार उर्मट असतो. मूळचा होम्स हसतो, नाटकी वागतो, कौतुकाने खुलतो आणि संकटातल्या बाईशी फार हळुवारपणे बोलतो. 'द ब्लू कारबंकल' आणि 'द अॅबी ग्रेंज'मध्ये तो गुन्हेगाराला सोडूनही देतो, कारण त्याच्या लेखी न्याय आणि कायदा एक नाहीत. 'द थ्री गॅरिडेब्स'मध्ये वॉटसनला गोळी लागते तेव्हा त्याचा मुखवटा क्षणभर गळून पडतो. असा क्षण तुमच्या कादंबरीत एकच ठेवा आणि शेवटच्या एक तृतीयांशात ठेवा.

कोकेनचं वेडही आवरा. 'द साइन ऑफ फोर'मधलं सात टक्क्यांचं द्रावण सगळ्यांना पाठ असतं. पुढे वॉटसनने त्याची ही सवय हळूहळू सोडवल्याचं 'द मिसिंग थ्री-क्वार्टर'मध्ये येतं, ते कोणी वाचत नाही. निकोलस मेयर यांनी १९७४ मध्ये याच व्यसनावर कादंबरी रचून होम्सला व्हिएन्नात फ्रॉइडकडे पाठवलं. ते एकदा उत्तम झालं आहे, तुम्ही पुन्हा करू नका.

खऱ्या व्यक्तींचंही तेच. जॅक द रिपर, ऑस्कर वाइल्ड, फ्रॉइड यांच्यावर होम्सला घालून इतकं लिहिलं गेलं आहे की वाचक जांभई देतो. खरी व्यक्ती फार तर एक आणि तीही कडेला. मोरिआर्टीलाही घरीच राहू द्या. आपल्या नमुन्यात तर तो मरून पाच वर्षं होत आली.

९. लंडनचे तपशील : नेमके कुठे पाय घसरतो

*ठसे.* स्कॉटलंड यार्डचा बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ चा. त्याआधी १८९७ मध्ये कोलकात्यात असा विभाग निघाला होता आणि त्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचं काम होतं. १८९६ मधला लेस्ट्रेड ग्लासावरचे ठसे घेऊन कोर्टात जाणार नाही. होम्सला मात्र त्यात रस असू शकतो.

*कोर्ट.* १८९८ च्या कायद्यापर्यंत आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नसे, अपवाद थोडे. तुमच्या १८९६ च्या खटल्यात काका साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून रडला तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल.

*पोलीस.* लंडनमध्ये दोन पोलीस दलं होती. मधल्या जुन्या 'सिटी'त यार्डाचा नव्हे, सिटी पोलिसांचा अंमल. बँकेत खून झाला आणि लेस्ट्रेड आला, तर तो तिथे का, हे सांगावं लागेल.

*तार आणि फोन.* १८८५ पासून बारा शब्दांची तार सहा पेन्समध्ये जात असे. होम्स तारा करतो, आणि त्या बारा शब्दांत लिहिण्यातच मजा आहे. बेकर स्ट्रीटचा टेलिफोन उशिराच्या कथांत येतो. जून १९०२ मध्ये घडणाऱ्या 'द थ्री गॅरिडेब्स'मध्ये तो आहे. १८९६ मध्ये नको.

*पैसे.* बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड, एकवीस शिलिंगांची गिनी. वॉटसनची सुरुवातीची कमाई दिवसाला साडेअकरा शिलिंग होती. ही मोजपट्टी धरा आणि रक्कम रुपयांत सांगू नका.

*धुकं.* ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं. जूनमध्ये दाट पिवळं धुकं पसरवू नका.

शोधायला घरबसल्या खूप आहे. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयातल्या १९१३ पर्यंतच्या खटल्यांचे वृत्तान्त इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि त्यांतून सामान्य लंडनकर कसा बोलायचा ते कळतं. चार्ल्स बूथ यांचे गल्लीगणिक गरिबी दाखवणारे रंगीत नकाशे आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने मोजणी नकाशे खुले केले आहेत. पात्र एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलं की नकाशावर बोट ठेवून बघा. पंधरा मिनिटांत घोडागाडी ब्लॅकहीथहून बेकर स्ट्रीटला पोचत नाही.

*सावधान :* जमवलेल्या माहितीपैकी निम्म्याहून अधिक वहीतच राहिली पाहिजे. वॉटसन आपल्या काळाचं वर्णन करत बसत नाही, त्याला ते रोजचंच आहे. "त्या काळी लंडनमध्ये गॅसचे दिवे असत" असं वाक्य १८९६ चा माणूस लिहीलच कसं?

१०. आता पहिलं प्रकरण, आणि मग तीन फेऱ्या

बेकर स्ट्रीटचं दृश्य आत्ता लिहा. गुन्हा, साल, आवाज, अनुमान सगळं तयार आहे, त्यामुळे ते झरझर उतरेल. पुढचा मसुदा सलग लिहा, मागे वळून दुरुस्त्या करत बसू नका. मसुदा पुरा झाला की तीन वेगवेगळ्या फेऱ्या मारा.

पहिली फेरी फक्त तारखांची. प्रत्येक प्रकरणाचा वार, तारीख आणि वेळ समासात लिहा. जुनी कॅलेंडरं इंटरनेटवर मिळतात. रविवारी बँक उघडी सापडली तर आत्ताच कळेल.

दुसरी फेरी फक्त पुराव्यांची. उलगड्याच्या प्रकरणात होम्स ज्या-ज्या गोष्टीचा उल्लेख करतो ती आधी कोणत्या पानावर दिसली, तो पान क्रमांक लिहा. पान सापडलं नाही तर उलगडा दुरुस्त करू नका, मागे जाऊन पुरावा पेरा.

तिसरी फेरी दुसऱ्याच्या डोळ्यांनी. एक होम्स कोळून प्यालेला आणि एक होम्स कधीच न वाचलेला, असे दोन वाचक शोधा. पहिला तारखा आणि संदर्भ पकडेल. खरी परीक्षा दुसऱ्याची. त्याला उलगड्याच्या आधीच्या पानावर थांबवा आणि संशय कोणावर आहे ते कारणासह लिहून द्यायला सांगा. नाव बरोबर आणि कारणही बरोबर आलं तर पुरावे फार उघडे पडले आहेत. नाव चुकलं, पण उलगडा वाचून "हे मला दिसायला हवं होतं" असं तो म्हणाला, तर हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवायला हरकत नाही. "हे मला कसं कळणार होतं?" असं म्हणाला, तर दुसरी फेरी पुन्हा मारा.